‘मरहूम’ हा शब्द वगळून वाचावा

मी उभ्या आयुष्यात जे काही लिहिलं, ते कुणी वाचू नये अशीच ते छापून घेणाऱ्यांची मनापासून इच्छा असायची. माझा मजकूर नेमाने छापून यायचा, दोन-दोन भाषांत यायचा, आणि छापून आल्यावर जर काहीच घडलं नाही, कुणाचा फोन नाही की पत्र नाही, तर आमच्या ऑफिसात मिठाईचा डबा उघडायचा. असं भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येत असेल. शारजाच्या एका वकिलाच्या ऑफिसात मी जाहीर नोटिसा लिहायचं काम केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे चिकटले ती पुढच्या दशकातही बरीच आत शिरेपर्यंत तिथेच होते.

जाहीर नोटीस मराठी वाचकाला मी काय सांगायची? ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेली ती चौकट, जिच्यावर आपण चष्मा पुसून ठेवतो. तिकडेही तसंच. कंपनी बंद करायची असेल, शेअरचा दाखला हरवला असेल, खटल्यातला माणूस सापडत नसेल, तर कोर्ट म्हणतं, आधी सगळ्यांना सांगा. मग आम्ही एक नोटीस अरबी वर्तमानपत्रात द्यायची, एक इंग्रजीत, एक कोर्टाच्या फलकावर लावायची आणि एक जागेवर नेऊन चिकटवायची. मुदत संपली की सुनावणी. न्यायाधीश विचारतात, नोटीस झाली का? झाली. कुणाची हरकत? मग दालनात क्षणभर कुणीच काही बोलत नाही. त्या क्षणात एसीचा आवाज ऐकू येतो, कुणाच्या तरी हातातली जपमाळ वाजते. हरकत नाही, असं कारकून लिहून घेतो आणि आम्ही उठतो. मला तो गप्प क्षण फार आवडायचा. सगळं जग बोलावलंय आणि कुणीच आलेलं नाही, असं काहीतरी त्यात असायचं.

पुण्याला मी वकिलीचं शिक्षण घेतलं होतं, पण तिकडच्या कोर्टात आम्हाला उभं राहता येत नसे. शेखर, माझा नवरा, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनियर होता, म्हणून आम्ही तिकडे गेलो. अल नहदामध्ये घर मिळालं तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या पुढे नुसती वाळू होती आणि संध्याकाळी तिच्यावर पोरं क्रिकेट खेळायची. घरी बसून कंटाळले, तेव्हा या वकीलसाहेबांकडे टायपिंगला म्हणून गेले. ते तिथलेच, अमिराती. सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. तिकडे वकिलाला तसंच म्हणतात, पण मला सुरुवातीला वाटायचं, आता हे तबला काढतील. माझी सुरेख कोरडी वाक्यं पाहून त्यांनी नोटिसांचं खातं माझ्याकडे सोपवलं. मी इंग्रजीत लिहायची, आमचा सुदानी टायपिस्ट उस्मान त्याचं अरबी करायचा. हळूहळू मी अरबी वाचायलाही शिकले. समजायचंही बरंच. बोलायला गेले की मात्र उस्मान हसू दाबत खिडकीबाहेर बघायचा.

माणसंही एकेक यायची. सांगलीकडचे एक मसालेवाले भागीदारी मोडायला आले होते. त्यांना नोटिशीत स्वतःचा फोटो हवा होता, हसरा, आणि खाली ‘सर्व हितचिंतकांचे आभार’. मी म्हटलं, काका, ही नोटीस तुम्ही ज्यांचे पैसे देणं लागता त्यांच्यासाठी आहे, त्यांना हितचिंतक कसं म्हणायचं? तर म्हणाले, “ताई, त्यांच्याइतकी माझी काळजी दुसरं कोण करतं सांगा.” फोटो काही छापला नाही, पण हे उत्तर मी पुढे कितीतरी जणांना ऐकवलं.

आणि एक एसी मेकॅनिक. त्याच्या नावाचं समन्स महिनोन्महिने लागत नव्हतं, कारण तो सारखी खोली बदलायचा. शेवटी पेपरात दिलं. आठवड्याभरात तो स्वतःच आमच्या दारात उभा, हातात वर्तमानपत्राचं पान आणि पानाला आमटीचा डाग. तिकडे एकटी राहणारी माणसं खोलीत जमिनीवर पेपर अंथरून त्यावरच जेवतात. शुक्रवारी दुपारी भात-मासे झाल्यावर पान गुंडाळताना खोलीतल्या कुणीतरी वाचलं. “मॅडम, मेरा नाम मछली के नीचे था,” तो म्हणाला, आणि असं म्हणाला जणू ती माझीच चूक. तेव्हापासून मी नोटिसा जरा जपून लिहायला लागले. आपलं वाक्य कुणाच्या पानाखाली जाईल सांगता येत नाही.

पण मला आज सांगायचंय ते पाण्याचं.

पूर्वेकडच्या डोंगरांतल्या एका गावाची माणसं आमच्याकडे आली, ते दोन हजारच्या आसपासचं साल असेल. गाव म्हणजे खजुराच्या बागा, आणि बागा म्हणजे फलज. डोंगराच्या पोटात आडवा बोगदा खणून झऱ्याचं पाणी गावापर्यंत आणलेला पाट, त्याला तिकडे फलज म्हणतात. माझे वडील नगर जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात होते. पाट, चारी, पाळी, पाटकरी हे शब्द ऐकतच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे वाळवंटात राहून एवढ्या वर्षांनी कुणी माझ्या टेबलासमोर बसून पाळीबद्दल बोलायला लागलं, तेव्हा मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

बोगदा जागोजाग ढासळला होता आणि पाणी वाटेतच मुरत होतं. गावाने समिती केली होती आणि निवृत्त शाळामास्तर तिचे प्रमुख होते. सडपातळ, घाईतला माणूस, कपडे पांढरेशुभ्र, बोलताना बोट हवेत, फळ्यावर काहीतरी लिहीत असल्यासारखं. त्यांची योजना सरळ होती. गावाने मिळून कर्जरोखे काढायचे, बँकेने ते लोकांना विकून द्यायचे आणि त्या पैशातून बोगदा नीट करून पुढे बागांपर्यंत पाइप टाकायचा. तारण काय? पाणीच. म्हणजे प्रत्येकाची पाण्याची पाळी समितीच्या नावे एकत्र करायची आणि ती रोख्यांसाठी बांधून द्यायची.

आता त्या पाळ्यांच्या मालकांत काही अज्ञान मुलं होती, एक वाटा मशिदीचा होता आणि काही माणसं कित्येक वर्षं गैरहजर होती. जो स्वतः येऊन हो म्हणू शकत नाही त्याची मालमत्ता तारण ठेवायची तर न्यायाधीशांची परवानगी लागते. म्हणून जाहीर नोटीस, म्हणून सुनावणी, म्हणून मी.

“मिसेस लिमये,” उस्ताद मला म्हणाले, “एकही हरकत आली तर बँक आपल्यासाठी थांबणार नाही. आणि या उन्हाळ्यात काम थांबलं तर त्यांची झाडं थांबणार नाहीत.”

मास्तरांनी गैरहजर मालकांची नावं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून आणली होती. प्रत्येक नावाआधी त्यांनी ‘मरहूम’ लिहिलं होतं, म्हणजे आपण कैलासवासी लिहितो तसं. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. इतकी वर्षं ज्याची खबर नाही अशा वडीलधाऱ्या माणसाचं नाव नुसतंच घेणं, त्याच्यासाठी दयेचा शब्द न उच्चारता, हे त्यांना उद्धटपणाचं वाटलं असतं. ती चूक नव्हती, अदब होती. उस्मानने आदराने तसंच टाइप केलं आणि दोन्ही पेपरांत तसंच छापून आलं. नोटीस कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

जागेवर जाऊन नोटीस लावायचं काम आमचा सरकारी कामाचा माणूस करायचा. पण या वेळी गावातल्या काही पाळ्या बायकांच्या ताब्यात होत्या, त्यातल्या बऱ्याचजणींना वाचता येत नव्हतं, आणि ज्या घरात पुरुष नाही तिथे हा बाप्या जाऊन नोटीस कशी वाचणार? म्हणून मला पाठवायचं ठरलं. घरी सांगितलं तर आमची गौरी म्हणाली, “आई, यू आर गोइंग टू रीड अ न्यूजपेपर टू ओल्ड लेडीज? दॅट्स युअर जॉब?” मी म्हटलं, हो बाई, हेच माझं काम.

ऑफिसचा पठाण ड्रायव्हर गुलखान आणि मी सकाळी निघालो. सपाट वाळू संपून डोंगर सुरू होतात तिथे हवेत एक धुरकट निळेपणा असतो. त्यातून जाताना आपण कुठून कुठे चाललोय हे विसरायला होतं. गाव आलं ते आधी कानाला आलं. गाडी बंद केली आणि पाणी वाहत असल्याचा आवाज आला, इतका बारीक की गुलखानने मान तिरकी करून ऐकलं आणि हिंदीत म्हणाला की आमच्या गावीही असंच आहे. मग तो पाटाच्या काठी हात बुडवून बसला तो मी परत येईपर्यंत उठला नाही.

घरोघर मला कॉफी मिळाली आणि खजूर मिळाले. बायका माझ्या अरबी वाचनाला हसल्या, माझ्या बांगड्या हातात घेऊन पाहिल्या. नोटिशीवर कुणी काही बोललं नाही. पाइप येणार म्हणून त्या खूशच होत्या. शेवटचं घर शम्मा खालाचं होतं. वय सत्तरीचं तरी असेल, पाठ ताठ. घराला लागून छोटी बाग. बागेतली जुनी उंच झाडं हिरवीगार होती, कारण दर पाळीला ती स्वतः हजर असायची. मी पेपर उलगडून वाचू लागले. गैरहजर मालकांच्या नावांपाशी आले आणि तिने हात वर केला.

“फिरसे बोलो,” ती हिंदीत म्हणाली.

पूर्वी त्या किनाऱ्यावरची गलबतं खजूर घेऊन मुंबईला जायची आणि लाकूड, कापड, मसाले घेऊन परत यायची. तिच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना मोडकं हिंदी येत असे. मी पुन्हा वाचलं, मरहूम सईद बिन खल्फान. ती उठून दारापाशी गेली. परत आली आणि माझ्यासमोर बसली.

“मरहूम किसने बोला?”

मी गोंधळले. समितीने, मी म्हटलं. मग तिने मला हळूहळू सगळं सांगितलं. सईद तिचा नवरा. लग्नाला एक खजुराचा हंगाम झाला होता, तेव्हा तो गलबतावरून मुंबईला गेला. गलबत परत आलं नाही आणि बुडाल्याचीही खबर आली नाही. घरच्यांनी दुसरं लग्न कर म्हणून किती सांगितलं, ती बधली नाही. बाग त्याची आणि पाळीही त्याचीच. ती फक्त उत्तर द्यायला होती.

उत्तर म्हणजे काय, हे मला कळेना. ती म्हणाली, थांब, आज पाळी आहे. आम्ही बागेत जाऊन बसलो. झाडांच्या सावल्या पाटावर पडल्या होत्या आणि पाटाचा तळ कोरडा होता. बऱ्याच वेळाने वरच्या बाजूला गावचा पाटकरी आला. त्याने जमिनीत रोवलेल्या काठीची सावली पाहिली, पाटाच्या तोंडातला दगड आणि चिंध्यांचा बोळा काढला आणि सगळ्या बागांना ऐकू जाईल अशी हाक मारली, “सईद बिन खल्फान.” पाणी सळसळत आमच्याकडे यायला लागलं. शम्मा खाला उभी राहिली. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं तसं तिने मोठ्याने उत्तर दिलं, “वसल.” म्हणजे पोचलं.

गावची रीतच होती ती. पाळी ज्याची त्याचं नाव घेऊन पाणी सोडायचं आणि बागेतून कुणीतरी ‘वसल’ म्हणायचं. उत्तर आलं नाही तर पाणी वाटेत फुटलंय किंवा कुणी वळवलंय असं समजून पाटकरी सगळा पाट शोधत परत चालायचा. पाइप आल्यावर हे सगळं संपणार होतं. समितीचा माणूस झडप उघडणार, नावं घ्यायची गरजच नाही.

“मरहूम लिखा तो नाम बंद,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तू बंबईसे है. वहाँ देखा क्या?”

नाही खाला, मुंबई फार मोठी आहे, असं काहीतरी पुटपुटले. तिने समजल्यासारखी मान हलवली, मोठं गाव असेल तर आश्चर्य नाही अशी. आणि मग माझ्या लक्षात आलं की एवढ्या बोलण्यात तिने त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. माझी आत्या अशीच होती. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की मला पुढे ढकलायची. खाला आपल्या नवऱ्याचं नाव स्वतः घेत नव्हती. ते फक्त पाळीच्या दिवशी तिच्या कानावर पडायचं.

मी नोटिशीची शेवटची ओळ वाचली. ज्या कुणाची हरकत असेल त्याने मुदतीत स्वतः कोर्टात हजर राहावे. ती ओळ मी दोनदा वाचली आणि कोर्ट कुठे, कधी, कोणत्या मजल्यावर, हेही सांगितलं. तेवढं सांगणं माझ्या कामातच बसत होतं. त्या दिवशी मी ते काम जरा जास्त नीट केलं, इतकंच.

ऑफिसात येऊन उस्तादांना सगळं सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची आजीही असंच काही म्हणायची, असं काहीतरी बोलले. मग वळून म्हणाले, आपण समितीचे वकील आहोत. ती आली तर न्यायाधीश बघतील. नाही आली तर नाही आली.

मधले दिवस मी नेहमीच्या नोटिसा लिहीत होते, पण मन दुसरीकडेच असायचं. कधी वाटायचं येऊ दे, कधी वाटायचं नको येऊ दे. मास्तरांचा रोज फोन यायचा. पाटाचं पाणी अजून कमी झालंय, आता शेवटच्या बागांपर्यंत पोचतच नाही. ते खरंच होतं, आणि त्यात त्यांचा स्वार्थ काडीचा नव्हता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला कोर्टातला तो गप्प क्षण नको असं वाटत होतं आणि तो मोडण्याची भीतीही वाटत होती.

सुनावणीच्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. समितीची माणसं एका बाकावर अंग चोरून बसलेली, बँकेचा तरुण अधिकारी घड्याळ बघत. न्यायाधीश सुदानचे होते, हळू बोलणारे, डोळे अर्धे मिटून ऐकणारे. आमचा पुकारा झाला, उस्तादांनी कागद दिले, माझी कात्रणं दिली. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाची हरकत?

दार उघडलं आणि शम्मा खाला आत आली. पाठीमागे पाटकरी होता, तोच तिला पिकअपमधून घेऊन आला होता. मास्तरांचा चेहरा उतरला. बँकेच्या माणसाने फाइल बंद केली.

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. पाइपला तिची हरकत आहे का, त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली, पाइप चांगला आहे, मुलांची झाडं वाचू देत. मग हरकत कशाला? एका शब्दाला. कुणाच्या वतीने ही हरकत आहे, त्याचं नाव सांगा. इथे ती थांबली. पदरासारखी ओढणी तिने तोंडावर धरली आणि काही बोलेना. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. कारकुनाने पेन खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारी घाबरली.

मी उस्तादांच्या मागे बसले होते. वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, “उस्ताद, ती नाव घेणार नाही. बेलीफला हाक मारायला सांगा.”

समितीचा वकील विरुद्ध बाजूसाठी कशाला काही मागेल? पण उस्ताद उठले. म्हणाले, न्यायमूर्ती, गैरहजर मालकांचा पुकारा अजून व्हायचा आहे. त्यातलं पहिलं नाव घ्यावं, अशी विनंती.

बेलीफने कागद हातात घेतला आणि दाराबाहेर पॅसेजकडे तोंड करून, रोज शंभर नावं घेणाऱ्याच्या कंटाळलेल्या आवाजात हाक मारली, “सईद बिन खल्फान.”

खालाची पाठ आणखी ताठ झाली. तोंडावरची ओढणी खाली आली आणि बागेत दिलं होतं तसंच, मोठ्याने, तिने उत्तर दिलं.

“वसल.”

कारकुनाने मान वर केली. बाहेरच्या पॅसेजमधली दोन माणसं डोकावून गेली. न्यायाधीशांनी विचारलं, काय पोचलं? तेव्हा पाटकरी पुढे झाला आणि त्याने गावची रीत सांगितली. न्यायाधीश डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, हा मनुष्य वारल्याचं कोणत्या कोर्टाने ठरवलं? मास्तर उभे राहिले, त्यांचं बोट या वेळी हवेत नव्हतं. कोणत्याच नाही, ते म्हणाले, मी आदराने लिहिलं. मग ते खालाकडे वळून म्हणाले, माफ कर, मी असा विचारच केला नव्हता.

निकाल लहान होता. रोख्यांना मंजुरी. सईद बिन खल्फानची पाळी तारणातून वगळावी, ती उघड्या पाटाने आणि त्याच्या नावानेच द्यावी, जोवर हाकेला उत्तर देणारं कुणी असेल तोवर. आणि नोटिशीतला शब्द दुरुस्त करून पुन्हा छापावा. एका छोट्या बागेच्या पाण्याने बँकेचं काही बिघडत नव्हतं. त्या अधिकाऱ्याने फाइल पुन्हा उघडली.

ते शुद्धिपत्रक मी लिहिलं. वरील क्रमांकाच्या नोटिशीत सईद बिन खल्फान यांच्या नावापूर्वी आलेला ‘मरहूम’ हा शब्द वगळून वाचावा. इतकंच. माझ्या सगळ्या नोटिसांत माझी आवडती म्हणाल तर ही एक. एका माणसाच्या मरणाची बातमी मागे घेणारा मजकूर कितीजणांना लिहायला मिळतो?

एक हुरहूर मात्र राहिली. त्या यादीत आणखीही नावं होती. त्यांच्यासाठी कुणी आलं नाही, बेलीफने हाक मारली आणि पॅसेजमधून काहीच उत्तर आलं नाही. त्यांच्या नावाने पाटाला पुन्हा कधी हाक गेली नसेल. नोटीस बरोबर होती, मुदत बरोबर होती, कायद्याने सगळं ठीक होतं. तरी तो गप्प क्षण त्यानंतर मला पूर्वीसारखा आवडला नाही.

पाइप झाला, झाडं वाचली. पुढची काही वर्षं गावाकडून दर हंगामाला खजुरांची टोपली ऑफिसात यायची. खाला गेल्याचं मला उशिरा कळलं. आम्ही पुण्याला कायमचं परतायचं ठरवलं, तेव्हा मी गुलखानला म्हटलं, एकदा तिकडे नेऊन आण. तो म्हणाला, “यल्ला मॅडम, चलो.” वाटेत मी धरून चालले होते की हाकेला उत्तर देणारं आता कुणी उरलं नाही, म्हणजे निकालाप्रमाणे ती पाळीही बंद झाली असणार.

गावात पाइपांच्या झडपा उन्हात चमकत होत्या. पण खालाच्या बागेकडे जाणारा पाट साफसूफ केलेला दिसला. काठावर नवी माती लिंपलेली होती. मी झाडाखाली उभी राहिले. थोड्या वेळाने वरून तोच पाटकरी आला, आता पुरता म्हातारा. काठीची सावली बघून त्याने बोळा काढला आणि हाक मारली. आवाज फाटलेला होता, पण नाव तेच.

पाणी आलं. आळ्यात शिरलं. आणि झाडाआडून पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस उठला, कपड्यांचा सोगा वर खोचलेला, पाय चिखलात. मास्तर होते. मोठ्याने, वर्गातल्या हजेरीसारखं, त्यांनी उत्तर दिलं, “वसल.”

मला पाहून ते जरा ओशाळले. प्रत्येक पाळीला येता का, मी विचारलं. त्यांनी बोट हवेत उचललं आणि निकालाचे शब्द म्हणून दाखवले, जोवर उत्तर देणारं कुणी असेल तोवर. नंतर म्हणाले, माझ्यानंतर येईल कुणीतरी, मी सांगून ठेवलंय. पाणी शेवटच्या झाडापर्यंत जाईस्तोवर दोघं तिथेच उभे राहिलो.

आता मी पुण्यात असते. सकाळी चहाबरोबर पेपर येतो, शेखर पहिलं पान घेतो आणि मी आतलं, जाहीर नोटिसांचं. तमाम लोकांस कळविण्यात येते की. मग नावं. कुठले कुठले लोक, मी त्यांना ओळखत नाही, त्यांचं हरवलेलं काय आणि मोडलेलं काय याच्याशी माझा काही संबंध नाही. तरी मी प्रत्येक नाव हलक्या आवाजात वाचते. शेखर पेपराआडून विचारतो, कुणाशी बोलतेस? कुणाशी नाही, मी म्हणते. चौकट वाचून झाली की पुढच्या चौकटीकडे जाण्याआधी हळूच म्हणते, पोचलं.